रडणारं माणूस पाहिजे

नाशिकच्या द्वारका चौकात एक छोटा टेम्पो अडकला आहे. मागे झेंडूचे क्रेट, क्रेटवर आडवे टाकलेले बांबू. टेम्पो चालवणारा म्हातारा ढसाढसा रडतो आहे. शेजारच्या रिक्षावाल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. द्वारकेला अडकलेलं कोणीही रडू शकतं.

*

लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’ या शब्दांखाली कोणाचं नाव कुठे येणार, हे आधी ठरतं. मुहूर्त मग काढतात.

*

हेल्मेट डोक्यावर घालून पायी जाणारा माणूस. पेट्रोल पंपावरच्या पोराने त्याला टाळ्या वाजवून दाद दिली.

*

मखमलाबादच्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, पांढरी टोपी. कोरी. घडी न मोडलेली.

*

कावळ्याचं पिल्लू उडायला शिकताना आधी खाली पडतं. हे कावळ्यांना माहीत असतं. माणसांना माहीत नसतं, म्हणून माणसं उचलायला जातात.

*

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो गोरक्ष मौलेच्या डोक्यापाशी येऊन मिळतो. डोकं साधंच आहे. पन्नाशी उलटलेलं, मधोमध विरळ झालेलं, एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून झिजलेलं. या डोक्यात कोणाविषयी वाईट विचार सहसा येत नाही. आला तरी तो बाहेर पडेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

मे महिन्यातली सकाळ होती. गोरक्ष दुधाची पिशवी घेऊन सोसायटीच्या फाटकातून आत येत होता, तर पार्किंगमध्ये एका मोटारीच्या चाकामागे कावळ्याचं पिल्लू बसलेलं. डोळे निळसर, तोंड आतून लालभडक, अंगावरची पिसं दुसऱ्या कोणाची मागून आणल्यासारखी. मोटार सुरू झाली होती आणि आता मागे येणार होती. गोरक्षने पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी पिल्लू उचललं आणि कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. “जा बाळा,” असंही तो म्हणाला. मग दूध घेऊन वर गेला.

काम एवढंच. त्याला मिनिटही लागलं नसेल.

पण फाटकाजवळच्या गुलमोहरावर त्या पिल्लाचे आईवडील बसले होते. त्यांनी जे पाहिलं ते असं: एक टकलाकडे झुकलेला माणूस आला, त्याने आमचं पोर उचललं, आणि भिंतीकडे नेलं. ‘जा बाळा’ हे त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना गोरक्षच्या टाळूवर पहिली टपली बसली.

त्याला आधी वाटलं, वरून कोणी काही टाकलं. सोसायटीत वरून बरंच काही टाकतात. तो वर बघून रीतसर ओरडला, “कोण आहे ते?” उत्तर म्हणून दुसरी टपली आली. तिसऱ्या दिवशी दोन कावळे होते. चौथ्या दिवशी कावळ्यांचे पाहुणेही आले. रविवारी गोरक्ष उशिरा मटण आणायला जातो, तर रविवारी ते उशिरा आले. पांढरा शर्ट घातलेली तीन माणसं एकदम फाटकाबाहेर पडली, तर दोघांच्या डोक्यावरून कावळा नुसता गेला आणि तिसऱ्याच्या डोक्याशी थांबला.

“पप्पा, कावळे चेहरा लक्षात ठेवतात,” मनाली म्हणाली. मनाली म्हणजे गोरक्षची मुलगी. कॉलेजात आहे, आणि घरात काहीही झालं की ते जगात आधी कुठे झालंय हे मोबाइलवर शोधून काढते. “वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. आणि पोरांनाही दाखवून ठेवतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढची पिढीसुद्धा तुम्हाला मारणार.”

“कारण काय होतं ते विसरून?”

“कारणाचं नाही लिहिलेलं. चेहरा लक्षात राहतो एवढंच.”

“अगदी मौलेंसारखं,” उज्वला, म्हणजे गोरक्षची बायको, पोळी लाटता लाटता म्हणाली.

गोरक्षने ते ऐकलं नसल्यासारखं केलं. पण वाचकाने ऐकलं आहे, तेव्हा सांगून टाकलेलं बरं.

गोरक्षचा थोरला भाऊ कोंडाजी मखमलाबादला राहतो. झेंडू, गुलाब, शेवंती लावतो आणि फुलबाजारात पाठवतो. अंतर म्हणाल तर द्वारकेची गर्दी धरूनसुद्धा एका चहाच्या तलफेएवढं. पण दोघं बरीच वर्षं बोलत नाहीत. कोंडाजीच्या मुलीचं, रूपालीचं, लग्न होतं. पत्रिका छापून आली. ‘आपले नम्र’च्या खाली पहिलं नाव चुलतभाऊ कुंदनचं, जाड ठशात. सख्खा काका गोरक्ष हा पार खाली, ‘समस्त मौले परिवारा’च्या जेमतेम वर, एवढ्या बारीक अक्षरात की सगुणाबाईंनी, म्हणजे दोघा भावांच्या आईने, ते नाव मुंगी समजून झटकलं. गोरक्ष लग्नाला गेला. अक्षता टाकल्या, जेवला. पण आहेराच्या वेळी कोंडाजी मानाची टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवायला आला, तेव्हा गोरक्ष मान मागे घेऊन म्हणाला, “कुंदनला घाला. त्याचं डोकं मोठं आहे.”

एवढंच. चारचौघांत कोंडाजीचा टोपी धरलेला हात तसाच राहिला.

रूपालीची पोरं आता शाळेत जातात.

*

सल्ल्यांची सुरुवात सोसायटीचे सेक्रेटरी मोतीराम देवरे यांनी केली. देवरे सटाण्याकडचे, जलसंपदा खात्यातून निवृत्त. भावनेच्या भरात ते अहिराणीत शिरतात, त्यांच्या ‘आहे’चं ‘शे’ होतं, आणि भावनेच्या भरात ते बहुतेक वेळ असतात.

“भाऊ, आसं शे,” देवरे म्हणाले, “कावळा समोरून कधी येत नाही. मागून येतो. तुम्ही मागच्या बाजूला तोंड लावा.”

“कसलं तोंड?”

“मुखवटा. वाघाचा. त्याला वाटायला पाहिजे, हा माणूस मागेसुद्धा बघतोय.”

गोरक्षने डोक्यामागे वाघाचा मुखवटा बांधला. त्या दिवशी कावळा समोरून आला.

मग गोरक्षने मिशी काढली. ती त्याने लग्नापासून जपलेली होती आणि ती काढणं हा काही लहानसहान निर्णय नव्हता. उज्वला त्याला बघून पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला की रडायला, ते दाराआड राहिलं. खाली वॉचमनने त्याला अडवून विचारलं, “कोणाकडे जायचंय साहेब?” आणि नावगाव लिहून घेतलं. कावळ्यांनी काही विचारलं नाही. त्यांनी ओळखलं.

मग हेल्मेट. हेल्मेटवर चोच बसली की आत देवळातली घंटा वाजल्यासारखं होतं. तरी त्यातल्या त्यात तेच बरं पडलं. मोटारसायकलवर ज्याने कधी हेल्मेट घातलं नाही असा गोरक्ष आता भाजी आणायलाही हेल्मेट घालून जायचा आणि भाजीवाली म्हणायची, “दादा, काच वर करा, काय मागताय ते कळंना.”

सगुणाबाईंचा उपाय जुना होता. “पोटात घाला त्यांच्या. भरल्या पोटी कोणी वैर धरत नाय.” त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर शेव ठेवली, भाकरी ठेवली, एकदा तर पुरणाची पोळी. कावळ्यांनी सगळं खाल्लं आणि खाली जाऊन गोरक्षला मारलं. घेतात पण काम करत नाहीत, हे बघून इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच गोरक्षला कावळे जवळचे वाटले.

शेवटी देवऱ्यांनी सोसायटीची सभा घेतली. ठराव झाला की घरटं हलवण्यासाठी परवानगी मागावी. गोरक्ष अर्ज घेऊन एका कार्यालयात गेला. तिथल्या खिडकीने सांगितलं, “झाड आमचं. घरटं आमचं नाही.” दुसऱ्या कार्यालयातल्या खिडकीने सांगितलं, “घरटं आमचं. पण त्यात पिल्लं असतील तर हात लावता येणार नाही.”

“आणि नसतील तर?”

“मग ते घरटं नाही. काड्या झाल्या. काड्या कचऱ्यात येतात. कचरा आमच्याकडे नाही.”

गोरक्ष बाहेर येऊन पायरीवर बसला. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं होतं. ज्यांचं पोर आपण वाचवलं त्यांचंच घर मोडायचं, हे त्याला पहिल्यापासून पटत नव्हतं. कावळे मारतात याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. टाळूला सवय झाली होती. दुःख याचं होतं की गैरसमज झाला होता आणि तो दूर करायला समोरचा बसायलाच तयार नव्हता. ‘एकदा शांतपणे ऐकून तरी घ्या,’ असं त्याला गुलमोहराकडे बघून म्हणावंसं वाटायचं. एकदा तो म्हणालाही. (त्यानंतर तो जे म्हणाला ते इथे दिलेलं नाही. तेव्हा चोच कानाला लागली होती.)

आणि ते पिल्लू? पिल्लाचं काय झालं, हे सगुणाबाई रोज विचारायच्या. कोणालाच माहीत नव्हतं. गोरक्षने भिंतीच्या पलीकडे वाकून पाहिलं, देवऱ्यांच्या स्कूटरखाली पाहिलं, समोरच्या बिल्डिंगमधल्या मांजरीकडे संशयाने पाहिलं. काही पत्ता लागला नाही.

*

त्या शनिवारी ऊन फार होतं. फाटकाजवळ गोरक्षने कपाळाचा घाम पुसायला हेल्मेट काढलं. एवढ्यात कावळा आला. या वेळी त्याने टपली मारली नाही. तो बसला. डोक्यावर, मधोमध, पाय रोवून, पंख मिटून, जागेचा सातबारा आपल्या नावावर असल्यासारखा बसला. आणि ‘काव’ म्हणाला.

सोसायटीतली एकेक बाई गॅलरीत होती. सगुणाबाईही.

गोरक्ष वर आला तेव्हा त्या दारात पाट टाकून बसल्या होत्या. आवाज बदललेला. “टोचला असता तर मी बोलले नसते. बसला. डोक्यावर कावळा बसणं म्हंजे बोलावणं.”

“आई, काहीतरीच.”

“तुझ्या आज्याच्या डोक्यावर बसला व्हता. कोणी काय केलं नाय. आठ दिसांत गेला.”

“त्यांचं वय ब्याण्णव होतं, आई.”

“म्हून काय झालं? त्र्याण्णव झालं असतं.” सगुणाबाईंनी डोळे पुसले. “उतारा एकच हाय. कोणाला तरी कळवायचं, गोरख गेला म्हून. ते माणूस रडलं की झालं. मरण रडण्यावर भागतं. मग लगेच खरं सांगायचं. मधी येळ जाऊ द्यायचा नाय.”

मनालीने मोबाइल काढला. हे जगात आधी कुठे झालंय याची तिला माहिती मिळाली नाही.

गोरक्ष हसला. उज्वलाकडे बघितलं. उज्वला हसत नव्हती. ती म्हणाली, “फोनच करायचाय ना? करून टाकू. मला नाही रात्री झोप लागणार.”

“रडणारं माणूस पाहिजे पण,” सगुणाबाई म्हणाल्या. “खरं रडणारं. वरवरचं चालत नाय.”

आणि मग मौलेंच्या घरात, पंख्याखाली, गोरक्षच्या समक्ष, गोरक्षसाठी कोण रडेल याची चर्चा सुरू झाली. अशी चर्चा ऐकण्याचं भाग्य जिवंतपणी फार थोड्यांना लाभतं, आणि लाभू नये.

“मनमाडचा माझा भाऊ,” उज्वला म्हणाली.

“तो पहिल्यांदा विचारंल, दहावा कुठं ठेवलाय अन् जेवायला काय.”

“आमच्या माहेरच्यांना नावं ठेवायचं काही काम नाही हं, आई.”

“ऑफिसातले?” गोरक्षने विचारलं.

“त्यांना सुट्टी मिळेल पप्पा. सुट्टी मिळालेलं माणूस रडत नाही. मी रडू का?”

“तू कशी रडशील?” उज्वला म्हणाली. “समोर बाप चहा पितोय.”

मग सगुणाबाई खाली बघून म्हणाल्या, “कोंडाजीला लावा फोन.”

“नाही,” गोरक्ष म्हणाला. कप खाली ठेवून, एकदम. “त्याला कळवायचं नाही.”

सगळ्यांना वाटलं, राग. तसाच त्याचा लौकिक होता आणि तो त्याने जपला होता. पण रागाचं काही नव्हतं. गोरक्षला भीती वाटत होती. कळवलं आणि कोंडाजी रडला नाही तर? ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि शेवंतीला पाणी सोडायला गेला तर? इतकी वर्षं हे न विचारता निभावलं होतं.

“नवसाक्काला लावा,” तो म्हणाला.

नवसाबाई ही दोघांच्या मधली बहीण, चांदवडला दिलेली. तिच्या रडण्याविषयी घरात दुमत नव्हतं. मालिकेतल्या खलनायकाला पोलिसांनी धरून नेलं तरी ती रडते, त्याच्या आईचं कसं होणार म्हणून.

फोन सगुणाबाईंनीच केला. “नवसे, आपला गोरख गेला गं,” असं त्या म्हणाल्या आणि फोनमधून असा हंबरडा आला की खालच्या मजल्यावरचे देवरे चप्पल न घालता वर आले. उताऱ्यापुरतं रडणं पहिल्या दोन सेकंदांतच होऊन गेलं. उज्वलाने घाईघाईने फोन हातात घेतला. “अक्का, अक्का, ऐका! रडू नका. हे खोटं आहे!”

“खोटंच वाटतंय गं मला बी!” नवसाबाई म्हणाली आणि फोन पडला.

नंतर तो लागेना. तो सतत दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होता.

शेवटी गोरक्षने स्वतःच्या मोबाइलवरून लावला. तो नवसाबाईच्या मुलाने, ओमने, उचलला.

“मामांच्या फोनवरून कोण बोलतंय?”

“अरे ओम, मी बोलतोय.”

“मी म्हणजे?”

“मामा!”

“कोणते मामा? आमचे मामा आत्ताच वारले.”

“अरे तोच मामा!”

ओम घोगऱ्या आवाजात, पण सभ्यपणे म्हणाला, “जे कोणी असाल ते, काका, असल्या वेळी चेष्टा शोभत नाही.” आणि फोन ठेवला.

इकडे ‘समस्त मौले परिवार’ या ग्रुपवर गोरक्षचा फोटो आला. रूपालीच्या लग्नातला. टोपी नाकारतानाचा. शेजारच्या कोंडाजीला कापून काढलं होतं, फक्त त्याची बोटं एका कोपऱ्यात राहिली होती. खाली भावपूर्ण श्रद्धांजली. गोरक्षने लिहिलं, ‘मी जिवंत आहे.’ त्यावर लगेच कितीतरी जोडलेले हात आले आणि कुंदनचा निरोप आला: ‘उज्वला वहिनींनी स्वतःला सावरावं. सगळा परिवार पाठीशी आहे.’ मग कुंदनने ग्रुप बंद केला. दुःखाच्या प्रसंगी चर्चा नको म्हणून आता फक्त तोच लिहू शकत होता.

कुंदन प्लॉटचे व्यवहार करतो आणि त्याला निवडणुकीला उभं राहायचं आहे, पुढच्या, कोणत्याही. नाशकात माणूस जायला वेळ लागतो, फ्लेक्स लागायला लागत नाही. दुपारचं जेवण व्हायच्या आत मनालीच्या मैत्रिणीने फोटो पाठवला. चौकात फ्लेक्स. वर गोरक्ष मौले, हातभर जाड ठशात, सोनेरी कडा असलेल्या अक्षरांत. खाली शोकाकुल म्हणून पहिला कुंदन. आयुष्यात पहिल्यांदा गोरक्षचं नाव सगळ्यात वर आलं होतं. त्याने फोटो मोठा करून बघितला आणि मग मोबाइल पालथा ठेवला.

ऑफिसला कळवणं भाग होतं. गोरक्षने साहेबांना फोन लावला.

“मौले, तुम्ही आहात याचा आनंदच आहे,” ते म्हणाले. “पण शोकसभा झाली. ठराव मंजूर झाला. अर्धी सुट्टी दिली, लोक घरी गेले.”

“मग ठराव मागे घ्या, साहेब.”

“त्याला पुढची सभा लागेल. तोवर...” साहेबांना शब्द सापडेना. “तोवर तुम्ही जरा सांभाळून राहा.”

दारावर माणसं येऊ लागली. प्रत्येकाला दार उज्वला उघडायची, तिच्या खांद्यावर हात ठेवून माणूस हुंदका द्यायचा आणि मग आत खुर्चीवर गोरक्ष दिसायचा. काही जण खूश झाले. काही जण जरा नाराज झाले, ते लांबून आले होते. शववाहिका आली. ती कुंदनने पाठवली होती. ड्रायव्हर वर येऊन म्हणाला, “बॉडी कोणती?” आणि गोरक्षने हात वर केला. ड्रायव्हर चहा घेऊन गेला.

“येळ चाललाय,” सगुणाबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “नवसीला खरं कळलं नाय अजून. खरं कळंपर्यंत उतारा पुरा होत नाय.”

मनमाडचा मेहुणा येऊन जेवून गेला. चुलत्याची सून आली, सिन्नरचे आले, फुलबाजारातला हमाल आला. फोन तर सगळ्यांचे आले.

मखमलाबादहून कोणाचा आला नाही.

गोरक्ष मधूनच उठून खिडकीशी जायचा. “खाली काही वाजलं का?” असं विचारायचा. “काही नाही,” असं उज्वला म्हणायची. चौथ्यांदा त्याने विचारलं तेव्हा ती जवळ येऊन नुसती उभी राहिली.

“ऊन आहे,” गोरक्ष म्हणाला. “शेवंतीला पाणी द्यावं लागतं उन्हाचं. सोडून येता येत नाही.”

“हो,” उज्वला म्हणाली.

“आणि कळवू नका असं मीच म्हटलं होतं.”

“हो.”

*

टेम्पो उन्हं कलल्यावर आला.

चांदवडहून जीपने निघालेली नवसाबाई आणि मखमलाबादहून निघालेला कोंडाजी, दोघं द्वारकेलाच एकमेकांना भेटले होते. जीपही अडकलेली, टेम्पोही अडकलेला. नवसाबाई जीपमधून उतरून गाड्यांच्या मधून चालत आली आणि टेम्पोत चढली, आणि मग दोघांनी मिळून रडायला पुरेल इतका वेळ चौकाने त्यांना दिला.

टेम्पो गुलमोहराखाली थांबला. देवरे पुढे धावले. “आसं शे ना भाऊ, घाबरू नका, खरं म्हणजे काय झालं...” पण कोंडाजी ऐकण्याच्या पलीकडे होता. तो क्रेट उतरवू लागला. झेंडू, ताजा, केशरी, सगळा तोडून आणलेला. त्या वाफ्यात एक फूल शिल्लक ठेवलेलं नसावं.

गोरक्षने वरून पाहिलं आणि तो जिन्यातून धावत सुटला. हेल्मेट खुर्चीवर राहिलं.

तो फाटकाशी आला आणि गुलमोहरातून ते सगळे निघाले, आईबाप, पाहुणे, पुढची पिढी. कोंडाजीने मान वर केली. समोरून त्याचा वारलेला भाऊ धावत येत होता आणि त्याच्या डोक्यावर कावळ्यांचं छत्र होतं.

नवसाबाई क्रेटवरच बसली.

“दादा,” गोरक्ष धापा टाकत म्हणाला, “मी जिवंत आहे.”

“ते दिसतंय,” कोंडाजी म्हणाला. मग त्याने भावाचा चेहरा नीट न्याहाळला. “मिशी कुठं गेली तुझी?”

“कावळ्यांसाठी काढली.”

“आरं गाढवा!” कोंडाजीचा आवाज फाटला. “रडत आलोय मी! द्वारकेपासून रडत आलोय!”

“द्वारकेपासून?”

“मखमलाबादपासून! द्वारकेला थांबलो व्हतो म्हून तिथं जास्ती झालं!”

एक कावळा गोरक्षच्या टाळूवर टपली मारून गेला. दुसरा वळून येत होता. कोंडाजीने सदऱ्याच्या खिशात हात घातला, पांढरी टोपी काढली, झटकून घडी मोडली आणि गोरक्षच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली.

“घाल मुकाट्यानं.”

गोरक्षने टोपीला हात लावून बघितलं. कापड पेटीत राहून करकरीत झालं होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. त्याला कळलं.

“दादा, ही टोपी...”

“तीच हाय.” कोंडाजी दुसरीकडे बघत म्हणाला. “म्हटलं, आता घालू. आता काय नाय म्हणायचा नाय.” आणि जरा थांबून, “चौकात फ्लेक्स बघितला मी तुझा. आलं ना नाव सगळ्यात वर? झालं समाधान?”

गोरक्ष हसला असावा. टोपी फार खाली आल्यामुळे नीट दिसलं नाही.

आता कोंडाजीची स्वतःची टोपी. ती त्याने रस्ताभर डोळे पुसायला वापरली होती आणि ती टेम्पोच्या सीटवर ओली होऊन पडली होती. वळून आलेल्या कावळ्याला खाली एक पांढरी टोपी दिसली, तिच्यात ओळखीचा चेहरा अर्धाच दिसला; आणि शेजारी, त्या चेहऱ्याच्या घडणीचं, त्याच नाकाचं, अगदी उघडं डोकं दिसलं. कावळे काही मौलेंना दोन घरांत वाटून ओळखत नाहीत. तो कोंडाजीच्या डोक्यावर उतरला. पाय रोवून, पंख मिटून बसला. आणि ‘काव’ म्हणाला.

वर गॅलरीत सगुणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “आता याच्यावर बसला गं बाई! आता याचंबी कळवावं लागंल! कोणाला कळवू मी? याला कोण रडंल?”

खाली नवसाबाईचं रडून संपलं होतं, ती कोरड्या डोळ्यांनी उचक्या देत होती. देवऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं, आणि मग त्यांनी गोरक्षकडे बघितलं. भुवयांपर्यंत ओढलेल्या टोपीखाली गोरक्षचा चेहरा पार भिजला होता. बिनमिशीचे ओठ लहान पोरासारखे वाकडे झाले होते. तो एका हाताने कोंडाजीच्या सदऱ्याची बाही धरून उभा होता आणि दुसऱ्या हाताने कावळ्याला हाकलत होता. लागत नव्हता त्याचा हात.

“आजी, फोन नका लावू,” देवरे वर बघून ओरडले. “काम झालं. इथंच शे माणूस.”

सगुणाबाईंनी वाकून नीट बघितलं. खात्री करून घेतली. मग पदर सारखा केला.

“टळलं,” त्या म्हणाल्या. “दोघांचंबी.” आणि चहा टाकायला आत गेल्या.

पिल्लू पहिल्याच सकाळी, गोरक्षने भिंतीवर ठेवल्यावर, वर दूध उतू जायच्या आत, उडून गुलमोहरावर गेलं होतं.